सोनाबाईची टोपली डोंगर चढते

मी एक जुनी टोपली आहे. भाजीची नव्हे बरं का, मित्रांनो. मी कोंबड्या झाकायची मोठी, रुंद तोंडाची टोपली. कडावकडची काही माणसं मला डालगंही म्हणतात. आता माझा रंग काळपट झाला आहे, एका बाजूची कामटी मोडलेली आहे आणि तिथे साडीच्या काठाची चिंधी बांधलेली आहे. ती चिंधी कशी आली, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या जनाने मला विणलं. अंगणातल्या सावलीत बसून ती ओला बांबू कोयत्याने चिरायची आणि एकेक कामटी तासून गुळगुळीत करायची. तेव्हा मी हिरवी होते आणि मला रानाचा वास होता. बाजाराच्या दिवशी जनाने मला डोक्यावर घेऊन कडाव गाठलं. तिथे सोनाबाई माझ्यासमोर येऊन थांबली. तिने मला उलटं केलं, सुलटं केलं, बुडावर थापटी मारून बघितली.

जना म्हणाली, "ने बाय. कोंबडी ठेव हिच्याखाली. पोराला अंडी होतील."

"आन कोंबडीकडं बघंल कोन? मी सकाळी अंगणवाडीत कामाला जाते ती दुपारी येते. घरात मानूस पायजे ना!"

"घरधनी नाय?"

"हायेत. माथेरानला हॉटेलात हायेत." सोनाबाईने मला खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. "कायमचे घरी आले का पाळू आमी कोंबड्या. दे, नेते."

अशी मी एका न झालेल्या गोष्टीसाठी त्या घरात आले. सोनाबाईने मला माळ्यावर ठेवलं. पुढे किती वर्षं गेली, ते मी मोजलं नाही. माझ्यात कांदे आले, जुने कपडे आले, तिच्या मुलाचे, अक्षयचे, लहान झालेले बूट आले. कोंबडी मात्र आली नाही. हिरामण, म्हणजे सोनाबाईचा नवरा, पावसाळ्यात हॉटेल ओस पडलं की घरी यायचा, भावाबरोबर भातलावणी उरकायचा आणि ऊन पडलं की पिशवी भरून पुन्हा डोंगर चढायचा. सोनाबाई दारापर्यंत जायची. "सांभाळून जावा," एवढंच म्हणायची. मग माळ्याखाली बराच वेळ भांडं वाजायचं नाही.

अक्षय मोठा झाला, खालापूरकडच्या एका कंपनीत लागला आणि बायकोला घेऊन खोपोलीत राहायला गेला. घरात एकटी सोनाबाई उरली.

आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी हिरामण घरी आला, तो परत जाण्यासाठी नव्हे. "आता पुरं झालं," म्हणाला. मला वाटलं, आता घरात आनंदीआनंद होईल. पण मित्रांनो, तसं झालं नाही. दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखी वागू लागली. सोनाबाई बाहेरून आली की हिरामण उठून उभा राहायचा. अंथरुणाच्या चादरीचे कोपरे तो हॉटेलातल्यासारखे घट्ट खोचायचा. एकदा त्याने विचारलं, "चहा आत्ता आनू का थोड्या वेळानं?"

सोनाबाई म्हणाली, "अवो, मी काय गिऱ्हाईक हाय व्हय?"

तो ओशाळला. तीही ओशाळली.

काहीतरी हाताला हवं म्हणून हिरामणने घरामागचा जमिनीचा तुकडा खणायला घेतला. भाताची शेती भावाकडे होती, हा तुकडा नुसता पडून होता. त्याने तिथे वाल पेरला, मिरचीची रोपं लावली, मेथीचा एक वाफा केला. कुणाला विकायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं, नुसती हौस. आयुष्यभर त्याने भाजी चिरली होती, पण ती उगवताना कधी बघितली नव्हती. वालाला तो सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी घालू लागला. रोपं पिवळी पडली तेव्हा तो आजारी माणसाजवळ बसावा तसा त्यांच्याजवळ बसून राहिला.

सोनाबाई पदर तोंडाला लावून हसली. "वाल हाय तो! त्याला जमिनीतली ओल आन दहिवर बास व्हतं. तुमी तर त्याला आंघोळ घालताय!"

हिरामणही हसला. त्या घरात मी त्या दोघांना एकत्र हसताना पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते दोघं मिळून वाल पुन्हा पेरत होते.

त्याच आठवड्यात मला माळ्यावरून खाली काढलं. सोनाबाईने माझी जळमटं झाडली, मला उन्हात ठेवलं. तिच्या बहिणीकडून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आल्या. त्यातली एक ठिपक्याठिपक्यांची होती, तिचं नाव पडलं कवडी. संध्याकाळ झाली की हिरामण "या, या, या" करत त्यांना माझ्याखाली झाकायचा आणि वर दगड ठेवायचा. माझ्या पोटात पहिल्यांदा ऊब आली. त्यांची कुरकुर, त्यांचं एकमेकींना ढकलणं, पहाटे कोंबड्याचं पंख फडफडवणं, हे सगळं माझं होतं. मला वाटलं, जनाने मला यासाठीच विणलं.

कवडीने पहिलं अंडं दिलं तेव्हा हिरामण ते तळहातावर घेऊन उभा राहिला. हॉटेलात त्याने हजारो अंडी फोडली असतील. "सोने, ह्ये फोडवत नाय गं," तो म्हणाला. तो तिला 'सोने' म्हणतो, हे मला त्या दिवशी कळलं. बहुधा तिलाही पुन्हा नव्याने कळलं, कारण ती आत निघून गेली आणि बराच वेळ चुलीपाशी उगीच फुंकत बसली.

वाल फुलावर आला. कवडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायची झाली. हिरामणने माझ्या बुडाशी पेंढा पसरला, अंडी ठेवली आणि तिला अलगद वर बसवलं. आणि नेमका तेव्हा माथेरानहून फोन आला. हॉटेलचा आचारी सोडून गेला होता. मालक म्हणत होता, हिरामण, तुझ्या हाताची चव लोक अजून विचारतात, उन्हाळ्यापर्यंत तरी ये.

हिरामणचा चेहरा उजळला. मग त्याने सोनाबाईकडे बघितलं.

"जाऊ का गं?"

"जावा की. मी कधी अडवलंय?"

ती अडवेल, अशी वाट तो दारात बघत होता, आणि त्याने स्वतःहून थांबावं, अशी वाट ती चुलीपाशी बघत होती. मला दोन्ही दिसत होतं, पण टोपलीला तोंड असून बोलता येत नाही. तो गेला.

त्यानंतर सोनाबाई रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसायची. कवडीला पाणी द्यायची आणि तिच्याशी बोलायची. "बस बाय, बस. तुला तरी म्हायीत हाय, किती दिवस बसायचं ते." हिरामणचा रोज फोन यायचा. तो वालाची चौकशी करायचा, कवडीची करायचा, पिल्लं निघाली का विचारायचा. सोनाबाई सगळ्याची उत्तरं द्यायची. तिची चौकशी करायला तो कचरायचा आणि स्वतःहून सांगायला ती.

एका सकाळी माझ्या पोटात बारीक टकटक झाली. ऊन वर येईपर्यंत पिवळी, काळी, करडी पिल्लं कवडीच्या पंखाखालून डोकावू लागली. संध्याकाळी सोनाबाईने फोन माझ्या तोंडाशी धरला. पलीकडून हिरामण म्हणाला, "ऐकू येतंय. सगळं ऐकू येतंय." फोन ठेवल्यावर सोनाबाई पदराचं टोक हातात धरून तशीच बसून राहिली.

पिल्लं जरा पळायला लागली, वालाच्या शेंगा भरल्या आणि एका सुट्टीच्या दिवशी तिने ठरवलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने एकदा माथेरानला येऊ का म्हणून विचारलं होतं. आम्ही सगळे गडी एकाच खोलीत झोपतो, तुला ठेवू कुठं, असं तो म्हणाला होता. त्यानंतर तिने कधी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही. पिशवीत वालाच्या शेंगा भरल्या. कवडी आणि पिल्लं मागे ठेवली तर घार उचलील, म्हणून तीही माझ्यात ठेवली आणि माझ्या तोंडावर जुनी साडी बांधली.

टमटमने नेरळ, तिथून टॅक्सीने घाटाची वळणं. दस्तुरीनाक्याला गाडी थांबली. पुढे गाड्या जात नाहीत. एक घोडेवाला हसून म्हणाला, "काकी, कोंबड्यांना हवा खायला आनलंत का?"

"व्हय," सोनाबाई म्हणाली, "तू तुझ्या घोड्याला आनलंस, मी माझ्या कोंबडीला."

ती लाल मातीच्या वाटेने मला कडेवर घेऊन चालू लागली. अर्ध्या वाटेवर माकडांनी गाठलं. एकाने शेंगांची पिशवी ओढली, दुसऱ्याने माझ्यावरच्या साडीला हात घातला. कवडी ओरडू लागली. सोनाबाईने पिशवी सोडून दिली आणि माझ्यावर अंग टाकून ती वाटेतच बसली. एक माकड माझी कामटी धरून खेचत होतं. कामटी कडकन मोडली. तरी सोनाबाई हलली नाही. शेवटी मागून येणारा तोच घोडेवाला काठी घेऊन धावला, तेव्हा माकडं पांगली. शेंगा मातीत विखुरल्या होत्या. पण पिल्लं सगळी शाबूत होती. तिने माझ्यावरच्या साडीचा काठ फाडून माझ्या मोडल्या जागी बांधला आणि राहिलेल्या शेंगा वेचून पदरात घेतल्या.

हॉटेलच्या मागच्या दाराशी ती उभी राहिली तेव्हा हिरामण पांढरी टोपी घालून कांदा चिरत होता. त्याच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"तू? कशी आलीस?"

"चालत." तिने मला खाली ठेवलं. "पिल्लं बघायची व्हती ना तुमाला?"

दुपारी काम आवरल्यावर तो आम्हाला पूर्वेकडच्या एका कड्यावर घेऊन गेला. मला त्याने उचललं होतं. खाली सगळा मुलूख पसरला होता.

"त्यो बघ, कडाव. झाडांचा पुंजका दिसतो ना, त्याच्या मागं घर. आन ती हिरवी चिंधी हाय ना, त्यो आपला वाल."

सोनाबाईने डोळ्यांवर हात धरला. "काय दिसत नाय मला. इतक्या लांबनं कसा दिसंल वाल?"

"मला दिसतो," हिरामण म्हणाला. "वाल नव्हता तेव्हा घर दिसायचं. रोज दुपारी हितंच येऊन बसायचो."

"रोज?"

"रोज."

मग सोनाबाई खाली बघतच म्हणाली, "इतकी वर्सं मी दारात उभी राऊन गप बसले. आता नाय बसनार. हितनं बघू नका. घरी चला."

हिरामणने टोपी काढली. त्याने मान डोलावली आणि कवडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्या दिवशी तो आला नाही, मालकाला शब्द दिला होता, नवा आचारी मिळेपर्यंत थांबावं लागणार होतं. आम्ही आलो तसे खाली उतरलो. पण वाटेत सोनाबाई पुन्हा पुन्हा थांबून मागे वर बघत होती.

शिमग्याच्या आधी एका सकाळी ती वाळलेल्या शेंगा तोडत होती. कुंपणापाशी कुणीतरी पिशवी ठेवली. ती वळली नाही. हिरामण येऊन तिच्या शेजारी बसला आणि शेंगा तोडू लागला. दोघांचे हात एकाच वेलीवर चालत होते.

मित्रांनो, आता अक्षयने जाळीचं चांगलं खुराडं आणून दिलं आहे. कवडीच्या लेकी तिथे राहतात. मी पडवीत उलटी पडून असते. माझ्या पोटाला त्या उबेची फार आठवण येते. कधी कधी तर त्या लाल वाटेचीही येते, माकडांसकट. तुमच्या घरी माझ्यासारखं काही असेल तर त्याला भिजू देऊ नका, अधूनमधून उन्हात ठेवा, हात लावा. आणि तुमचं माणूस लांब असेल, तर त्याला घरी ये म्हणायला सोनाबाईइतका वेळ लावू नका. आजच म्हणा.