दोन नवऱ्यांचा मांडव

"रविवारी दोन्ही वेल काढून टाकतो," सासऱ्यांनी चहाच्या वेळी जाहीर केलं आणि कप डाव्या हातानं उचलला. उजवा हात नेहमीसारखा खिशात होता.

पन्नास वर्षं शिंपीकाम केलेला तो हात थरथरायला लागला, वाकडे कापलेले कपडे गिऱ्हाइकं परत करायला लागली, तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. रिकाम्या हाताला काही चाळा हवा म्हणून, घरात नव्यानंच आलेल्या सूनबाईनं आपल्या नर्सरीतून किवीच्या वेलांची जोडी आणून दिली. एक नर, एक मादी. किवीचा संसार एकट्यानं होत नाही. सासऱ्यांनी मागच्या अंगणात मांडव घातला, कोटाच्या अस्तराच्या पट्ट्या काढून वेल बांधले आणि पोटच्या पोरांसारखे वाढवले. याला सहा वर्षं झाली. गेली दोन वर्षं फुलंही येत होती. फळ म्हणाल तर औषधालासुद्धा नाही.

सूनबाई नर्सरीत रोपांच्या पाट्या लिहायची, त्यामुळे नावांना तिच्याकडे तोटा नव्हता. "बाबा, हे मूळचं चीनच्या डोंगरातलं. तिकडे याला माकडाचं पीच म्हणतात. बी न्यूझीलंडला गेलं आणि त्याची चिनी गूजबेरी झाली. पुढे परदेशात विकायची वेळ आली, तेव्हा व्यापाऱ्यांनी तिथल्या पक्ष्याचं नाव चिकटवलं." मग भाऊबंदांची पाळी. एक पिवळ्या गराचा, एक द्राक्षाएवढा, बिनलवेचा, सालीसकट खायचा, आणि एक असा की त्याच्या वासानं मांजरं लोळण घेतात. सासरे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

आज मात्र त्यांनी चेष्टा केली नाही. "वेलांचा काय दोष? माझाच हातगुण गेला. आधी सुईतून गेला, आता मातीतूनही." सूनबाई तशीच नर्सरीत कामाला गेली.

त्याच दिवशी नर्सरीतल्या किवीला पहिल्यांदा फुलं आली होती. चार माद्या, एक नर, सगळे तिनं घरी नेलेल्या जोडीच्याच खेपेतले. जुन्या पाट्यांवर नवा रंग द्यायला ती तिथे बसली. मादीच्या फुलात मधोमध पांढरा तुरा असतो. नराच्या फुलात तो नसतो, नुसते पिवळे केसर. चारही माद्यांना तुरा होता. ती नराकडे वळली. त्यालाही तुरा होता. पाटीवर 'नर' लिहिलेलं, आणि अक्षर तिचंच.

मग सगळं आठवलं. थंडीचे दिवस, पानं झडलेली रोपं, एकाहून एक सारख्या काठ्या. पाण्यानं शाई उतरली म्हणून तिनं दोन पाट्या काढून पुन्हा लिहिल्या आणि घरी जायच्या घाईत बांधल्या. नवी नोकरी, नवा संसार. बांधताना अदलाबदल झाली, आणि त्यातलंच एक रोप ती मादी समजून घरी घेऊन गेली. दिवसभर लोकांना रोपं ओळखून देणाऱ्या बाईनं घरच्या मांडवातलं एक फूल कधी उलटून पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

संध्याकाळी तिनं घरची फुलं पाहिली. दोन्ही वेलांवर एकही तुरा नव्हता. सासरे पायरीवर बसून मोठ्या कात्रीला धार लावत होते. ती गप्प बसली असती तर रविवारी वेल गेले असते आणि तिची चूकही त्यांच्याबरोबर गेली असती. हा विचार तिच्या मनात आला, आणि स्वतःचीच लाज वाटली.

"बाबा, कात्री ठेवा," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. "मांडवात दोन्ही नवरेच आहेत. नवरी मी नर्सरीत विसरून आले."

"म्हणजे माझ्या हाताची चूक नव्हती?"

"नाही बाबा. माझ्या हाताची होती."

"दोन वर्षं मी या हाताला शिव्या घातल्या, सूनबाई." आवाजात राग होता आणि तो खरा होता. तिनं मान खाली घातली. त्यांनी कात्री मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आणि तिकडे चार नवऱ्या ताटकळल्यात?"

"पाच."

"मग कात्री ठेवून कसं चालेल? फुलं तोडायला लागेल ना."

रविवारी ते टोपलीभर नरफुलं घेऊन नर्सरीत गेले आणि मालकीणबाईंना म्हणाले, "आम्ही वरपक्ष." एक-एक नरफूल मादीच्या फुलावर हलकेच फिरवायचं होतं. माळ्यानं फिरवलं तर तुरे मोडायला लागले. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही करा." सासरे घुटमळले. मग उजवा हात खिशातून बाहेर आला. फूल फुलाला जेमतेम टेकलं, हात आपोआप थरथरला आणि परागांची बारीक धूळ सगळ्या तुऱ्यावर सारखी पसरली. सासरे आपल्याच हाताकडे पाहत राहिले. मग पुढच्या फुलाकडे वळले. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाचही वेल पुरे केले, माळ्याला हात लावू दिला नाही.

पानं झडायच्या आधी मालकीणबाईंकडून वरपक्षाचा मान म्हणून टोपली आली. फळं दगडासारखी होती. पंधरा दिवस सफरचंदांशेजारी ठेवल्यावर मऊ झाली. सासऱ्यांनी सुरी मागितली. सूनबाई कापायला पुढे झाली, तसं त्यांनी तिला बसवलं आणि उजव्या हातानं फळ कापलं. एक फोड मोठी, एक लहान, मधली रेघ सगळी वेडीवाकडी. मोठी फोड त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

"वाकडं कापलंय," ते म्हणाले. "पण परत करायचं नाही."