मक्केहून धुळ्याला

"चाची, हा कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकणार नाही. तुमचं बोट ओळखेल, तेव्हाच उघडेल." जळगावच्या दुकानात अखिलशेठनं मला खातूनबींच्या हाती देताना म्हटलं होतं. त्याला चार वर्षं झाली, पण तो आवाज अजून माझ्यात घुमतो. पहिल्याच दिवशी मला संशय घ्यायला शिकवलं गेलं.

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. कोपऱ्यात काच तडकलेली, पाठ घासलेली. जळगावच्याच मेहरूण भागात शिलाई मशीनशेजारी माझी जागा. खातूनबी ब्लाउज शिवायच्या, त्यांचे पती फारुखमियाँ गाद्या भरायचे, आणि मी पिठाच्या हातांनी, कापसाच्या हातांनी उचलला जायचो. कौतुकही झालं, आपटलोही.

माझ्या आधीची एक गोष्ट त्या घरात होती. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची चांदीची सुरमादाणी सापडली नाही. धाकटी जाऊ नौशीन तेव्हा तिथंच होती. खातूनबींनी गल्लीसमोर तिला चोर म्हटलं. नौशीन धुळ्याला निघून गेली. सहा वर्षं बोलणं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वीज गेली. खातूनबींनी माझा टॉर्च लावून गोधड्यांची पेटी उघडली. तळाशी काहीतरी चमकलं. त्यांनी झटकन मला विझवलं आणि अंधारातच बसून राहिल्या. त्या दिवसापासून मला त्यांचाच संशय येऊ लागला.

यंदा दोघं उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला निघाले. यात्रेला जाण्याआधी प्रत्येकाकडे 'कहासुना माफ' म्हणून माफी मागायची असते. खातूनबी धुळ्यालाही गेल्या. मी पिशवीत होतो. "कहासुना माफ कर, नौशीन," त्या म्हणाल्या. नौशीन एवढंच म्हणाली, "चहा घ्या, भाभी. गार होतोय."

मागितली माफी, पण कशाची ते सांगितलं नाही.

जाताना शेजाऱ्यांनी आपापल्या दुआ माझ्यात बोलून ठेवल्या. शेजारच्या बेबाबाई तर माझ्यात तोंड घालून ओरडल्या, "खातूनआक्का, मना नातूले नोकरी लागू दे! पन आठेच, जयगावमा. दूर नको!"

मुलगी कशिशनं जळगावचं सिम चिकटपट्टीनं पासपोर्टच्या कव्हरात चिकटवलं. "अम्मी, तिथलं सिम घ्यायचं. हे घालायचं नाही. रोमिंग चालू करून ठेवलंय, पण जीव अडकला तरच. फुकटचं वायफाय दिसलं की जोडायचं नाही. आणि कुणाच्या हातात फोन द्यायचा नाही." सारं मला पटलं. परक्या देशात मी प्रत्येक तारेकडे, प्रत्येक चार्जरकडे डोळे बारीक करून पाहत होतो.

मक्केत खातूनबींनी एकेक दुआ ऐकली आणि मागितली. बेबाबाईंच्या नातवाची नोकरीही मागितली, जळगावातलीच. मग स्वतःसाठी हात उचलले. ते अर्ध्यावरच थांबले. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धुळ्याला फोन लावला. नौशीनकडे बटणांचा साधा फोन. तिला दिसला नुसता परदेशी नंबर.

"कोण?"

"नौशीन, मी खातून." खोकल्यानं आवाज बसला होता.

"वा रे वा! नावंसुद्धा काढून ठेवलीस? आता ओटीपी मागशील ना?"

"अगं, मीच—"

"हल्ली आवाजही बनवतात म्हणे. पण चुकलास, मेल्या. आमच्या भाभी मला फोन करणारच नाहीत!"

फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

मित्रांनो, तिची चूक नव्हती. अनोळखी नंबरवर विश्वास ठेवू नका, हे मीही सांगेन. पण ते शेवटचं वाक्य ऐकून खातूनबी पलंगाच्या कडेला बसल्या.

मग त्यांनी पासपोर्ट काढला.

"अगं, कशिशनं काय सांगितलंय? जीव अडकला तरच," फारुखमियाँ म्हणाले.

"अडकलाच आहे."

कानातल्या बाळीच्या तारेनं त्यांनी माझा कप्पा उघडला. तीनदा तार निसटली. जळगावचं सिम आत गेलं. मी किती तरी वेळ गावाचा माग शोधत राहिलो, आणि अखेर तो लागला.

मित्रांनो, मला पाण्यापासून जपा, उन्हापासून जपा. पण मला नुसतं जपून काही होत नाही. जे बोलायचं ते वेळेवर बोला. मी फक्त आवाज पोचवतो. आत दाबून ठेवलेलं मला पोचवता येत नाही.

धुळ्यात घंटी वाजली. या वेळी तिथं नाव उमटलं असणार, कारण पलीकडून हळूच आवाज आला, "...भाभी? म्हणजे मघाशी खरंच तुम्ही?"

"मीच होते. माफ केलं असं लगेच म्हणू नकोस. आधी ऐक." खातूनबींनी डोळे मिटले. "सुरमादाणी माझ्याच गोधड्यांच्या पेटीत होती. दोन वर्षांपूर्वी सापडली. लाजेनं लपवली, आणि तुला चोरच राहू दिलं. तू काही घेतलं नव्हतंस, नौशीन. परत आले की ज्या गल्लीसमोर बोलले, त्याच गल्लीसमोर हे सांगेन."