नत्थूजींची साक्ष

पाचपावलीच्या मागच्या गल्लीत टिनाच्या छपराचं एक लहानसं चर्च होतं, आणि तिथल्या मंडळीत नत्थूजींसारखी साक्ष कुणाला देता येत नसे. साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांना सांगणं. बाकीचे उभे राहिले की अडखळायचे, कुणी रडायला लागायचं, कुणी चुलत्याशी झालेल्या भांडणावर घसरायचं. नत्थूजी जातीचे विणकर, बोलायला लागले की धागा तुटायचा नाही. चौसष्ट साली त्यांना क्षय झाला, थुंकीत रक्त आलं, गल्लीनं नाकाला पदर लावला. मग पाळक मधुकररावांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सहा महिन्यांत माणूस खडखडीत बरा! शेवटी ते जरा थांबत आणि म्हणत, “दवाखान्याची पायरी चढलो नाही, भाऊ. गोळी नाही, सुई नाही. एकटा येशू!” मग सगळी मंडळी मोठ्यानं ‘आमेन’ म्हणे.

खरं सांगायचं तर त्या पायऱ्या नत्थूजी नव्वद वेळा चढले होते. सूत आणायला जातो असं सांगून ते दिवसाआड कामठीच्या बसमध्ये बसायचे आणि तिथल्या दवाखान्यात कमरेखाली सुई टोचून घ्यायचे. लपवलं ते काही वाईट हेतूनं नव्हे. गल्लीत नुसती कुजबुज होती; दवाखान्यात जाताना दिसलो तर ती पक्की होईल, मग क्षयाच्या माणसानं विणलेलं लुगडं कोण अंगाला लावील, ही धास्ती. पण बरे झाल्यावर मधुकररावांनी भर उपासनेत उभं केलं, सगळे डोळे आपल्यावर लागलेले दिसले, आणि ते वाक्य तोंडातून निघून गेलं. त्याला आता सात वर्षं झाली होती. पहिल्या एकदोन वेळा ते वाक्य त्यांनी घाईनं उरकलं. पुढे पुढे या गृहस्थांना आपल्याच साक्षीचं कौतुक वाटायला लागलं. त्यांची बायको भागीरथा तेवढी दर वेळी खाली मान घालून सतरंजीचे धागे उपटत बसायची.

बहात्तरच्या जानेवारीत, एका रविवारी उपासना सुटल्यावर पंचफुला त्यांच्यापुढे आली. ही विड्या वळून पोट भरणारी विधवा त्याच गल्लीत राहायची आणि वर्षभरापूर्वीच मंडळीत आली होती. तिच्या चौदा वर्षांच्या शामलाला क्षय निघाला होता.

“नत्थूजी, लय उपकार झाले तुमचे,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “तुमची साक्ष आयकली अन् माह्ये डोळे उघडले. आठ दिवस झाले, शामलीच्या सुया बंद केल्या मी. गोळ्या नालीत टाकून देल्या. आता एकटा येशू!”



“अवं, पण... औषध बी देवानंच देलं ना?”

ती हसली. “माही परीक्षा घेऊन राहिले का, बाबाजी? तुमीच म्हणाले होते, अर्धा भरोसा म्हणजे भरोसाच नाही.”

म्हणाले होते खरे. गेल्या नाताळात, चांगलं छातीवर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी मागावर बसले तर धागा सारखा तुटत होता. तीन घरं सोडून शामला खोकत होती, आणि तो खोकला त्यांना ओळखीचा होता. आधी कोरडा, मग खोल, मग मध्येच तुटणारा. औषध बंद केलं तर काय होतं ते त्यांनी कामठीच्या त्या बाकड्यावर शेजारी बसणाऱ्यांत पाहिलं होतं. सोमवारी बसलेला माणूस पुढच्या महिन्यात तिथे नसायचा. पोरगी मरणार आणि ती आपल्या जिभेनं मरणार, हे त्यांना लख्ख कळलं.

मंगळवारी ते पंचफुलेच्या दारात गेले. शामला भिंतीला टेकून बसली होती, गळ्याची हाडं वर आलेली. नत्थूजींनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कामठी, बस, नव्वद सुया. बोलून झाल्यावर वाटलं, चला, सुटलो.

पंचफुलेनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग ती दोन पावलं मागे सरली.

“हे तुमी नाही बोलून राहिले,” ती हळूच म्हणाली. “तुमच्या तोंडून सैतान बोलून राहिला. माहा भरोसा मोडाले आला तो. देवमाणसाले बी सोडत नाही मेला!”

आणि तिनं दार लावून घेतलं. आत शामला पुन्हा खोकायला लागली.

नत्थूजी गल्लीत उभे राहिले. सात वर्षं खोटं बोललो तर सगळ्यांनी ते डोक्यावर घेतलं, आणि खरं बोललो तर तो सैतान! पुरावा दाखवावा म्हटलं तर दवाखान्याचा कागद त्यांनी स्वतःच चुलीत घातला होता. आता उरली होती ती फक्त मंडळी. जिथे खोटं बोललो तिथेच उभं राहून खरं बोलायचं, आणि ह्याच गोष्टीची त्यांना मरणाची भीती होती. शास्त्रात एक नवरा-बायको मंडळीसमोर खोटं बोलतात आणि जागच्या जागी मरून पडतात. ती गोष्ट वाचली जाई तेव्हा नत्थूजी दर वेळी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जात. देवानं इतके दिवस आपल्याकडे काणाडोळा केला, आता स्वतःच जाऊन त्याच्यापुढे उभं राहायचं.

“अन् मी तिथंच पडलो तं?” त्यांनी भागीरथेला विचारलं.

ती भाकऱ्या थापत होती. “तं मी बी पडीन,” ती म्हणाली. “मी काही बोलली का इतकी वर्षं? मूग गिळूनच बसली होती ना मी बी.”

रविवारी नत्थूजी उभे राहिले तेव्हा नेहमीची गोष्ट ऐकायला मिळणार म्हणून लोक सावरून बसले.  “मी खोटा आहो,” ते म्हणाले आणि पुढचं कसंबसं बोलले. मंडळीत कुजबुज सुरू झाली. पंचफुला ताडकन उठली. “पाळकसाहेब, प्रार्थना करा! मंगळवारी माह्या दारात बी हेच बोलला हा सैतान!” मधुकरराव धावत आले, त्यांनी नत्थूजींच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठमोठ्यानं सैतानाला बाहेर निघण्याची आज्ञा करू लागले. मंडळीही सामील झाली. त्या गलक्यात नत्थूजी ‘अजी आयका, आयका ना’ म्हणत राहिले, पण कोण ऐकतो? आपण जिवंतपणीच पुरले गेलो असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं भागीरथा उठली. तिला चर्चमध्ये बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

“अजी पाळकसाहेब, सैतान-बैतान काही नाही!” ती ओरडली. “सुयांनी गाठी आल्या होत्या यायले, बसताच येत नव्हतं. सहा महिने वीट तापवून यायचे ढुंगण शेकले मी!”

प्रार्थना मध्येच तुटली. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. मधुकररावांचा हात नत्थूजींच्या डोक्यावरून खाली आला. इतकी लाजिरवाणी गोष्ट कुणी बायको बनवून सांगत नाही, हे पंचफुलेलाही कळलं. ती मटकन खाली बसली.

“मंग देवानं काहीच नाही केलं का?” तिनं विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता. “मी आता कोणाच्या भरोशावर राहू? देव बी खोटाच का?”

“देव खोटा नाही,” नत्थूजी म्हणाले. “मी खोटा.”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि पडण्याची वाट पाहिली. सांगायला त्यांच्याजवळ आता चमत्कार नव्हता, मान नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. ‘येशूबाबा, दया कर,’ एवढंच ते मनात म्हणाले, आणि इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच काही मागत होते. छातीत धडधडत होतं ते धडधडतच राहिलं. कुणीतरी बाहीला धरलं म्हणून डोळे उघडले, तर भागीरथा त्यांना खाली बसवत होती.

सोमवारी सकाळी पंचफुला दारात आली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. “चला,” म्हणाली, “तुमीच संगं चला आता.” कामठीच्या बसमध्ये ती पुढच्या बाकावर बसली आणि शामला नत्थूजींच्या शेजारी.

“बाबाजी,” थोड्या वेळानं शामलानं विचारलं, “सुई दुखते का?”

“दुखते, बेटा. लय दुखते.”

“पण मी बरी होईन ना?”

‘होशील, देव करतेच,’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पुढे पंचफुलेची पाठ ताठ झालेली त्यांना दिसली. पंधरा दिवस पोरगी औषधाविना राहिली होती. इतकी भीती त्यांना कालच्या मंडळीतही वाटली नव्हती.

“मले माहीत नाही,” ते म्हणाले. “त्याच्यापाशी मांगून राहिलो मी. पण माहीत नाही मले.”

 शामलानं त्यांचा हात धरला, आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.