साक्षगंधाच्या दिवशी

साक्षगंधाच्या दिवशी सकाळीच देवमनच्या एका अंडगोळीत अचानक कळ उठली. अंगणात येऊन तो भडाभडा ओकला. त्यानं बापाला सांगितलं, तर दौलतरावांनी त्याला लंगोट घट्ट आवळायला लावला आणि गप्प बसवलं. मुलीकडचे लोक अजून गावात, धनजला, पोचायचे होते. नवरदेवात खोट आहे असा बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल, ही त्यांची धास्ती. बाप्यांची असली दुखणी बायांच्या कानावर घालायची नाहीत, ही त्या घराची रीत. म्हणजे जन्म द्यायला आई, आणि दुखणं मात्र तिच्यापासून लपवायचं. विमलबाईला पोराचं पोट बिघडलंय एवढंच कळलं. तिनं बिचारीनं ओवा चारला.

दुपारी बुद्धवंदनेला हात जोडून बसलेलं पोरगं घामानं निथळत कुशीवर कलंडलं. विमलबाईनं त्याला खोलीत नेऊन खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठं तो खरं बोलला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दौलतराव दारात आडवे उभे राहिले. पाहुण्यांची जेवणं तरी होऊ दे, म्हणाले. तिनं त्यांना बाजूला ढकललं आणि भर मांडवात सांगून टाकलं, की पोराची गोळी सुजलीय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मुलीचे वडील बबनराव तेवढे उठले. ते ज्या भाड्याच्या जीपमधून आले होते, तिच्यातूनच देवमनला कारंज्याला नेलं.

गोळीला पीळ पडून तिचं रक्त बंद झालं होतं. ती काळी पडली होती, काढावीच लागली. दुसरीला पीळ पडू नये म्हणून डॉक्टरांनी ती टाके घालून जागेवर पक्की केली. एकीवरही लेकरं होतात, असा धीर त्यांनी दिला. पण असं अचानक दुखलं की घरी उपाय करत बसायचं नसतं, सकाळीच आणलं असतं तर बहुतेक वाचली असती, हेही सुनावलं. नवऱ्याची गचांडी धरावी असं विमलबाईला वाटलं. दौलतराव मात्र बबनरावांना पटवण्यात गुंतले होते, पोरात आता काही कमी नाही म्हणून.

"पोरात खोट नाही, हे मलेही समजलं," बबनराव म्हणाले. "पण पोटच्या पोराले तुमी तसंच कुथत बसवलं. उद्या माही पोरगी बिमार पडली, त तिले कोन दवाखान्यात नेईन?"

दौलतराव बायकोकडे पाहू लागले. नेहमीसारखं तिनंच काहीतरी बोलून सांभाळून घ्यावं.

"नका देऊ, भाऊ," विमलबाई म्हणाली. "या घरात तुमची पोरगी नका देऊ."