कडी जागेवर आहे

लामेई तपासणीला जाताना अंडी घेऊन का जाते, हे गावातल्या बायकांना काही केल्या कळत नसे. तपासणी कडीची. पहिलं मूल झालं की सरकारी दवाखान्यात गर्भाशयात पोलादी कडी बसवून देत, आणि मग दर वर्षी अधूनमधून बोलावून ती जागेवर आहे ना, हे एक्स-रेच्या पडद्यावर बघत. दुसऱ्या मुलाला बंदीच होती. बाकीच्या बायका रांगेत उभ्या राहून शिव्या मोजायच्या आणि ही बया डॉक्टरसाठी टोपलीत पेंढा घालून अंडी आणायची.

"डॉक्टरवर जीव जडलाय का गं?" शेजारीण विचारायची.

"तुझ्या नवऱ्यावर जडण्यापेक्षा बरं!" लामेई म्हणायची, आणि सगळी रांग खो खो हसायची.

खरी गोष्ट फक्त तिच्या थोरल्या जावेला, त्साईपिंगला, ठाऊक होती. लामेईला एकच मुलगी. सासूला नातू हवा होता. लामेईला मात्र मुलगा-मुलगी काहीही चाललं असतं, घरात आणखी एक रांगणारं हवं होतं, बस. त्साईपिंगचा हात हलका. वाकवलेल्या तारेने ती गुपचूप कड्या काढून द्यायची. तीन वर्षांपूर्वी दार आतून बंद करून तिने लामेईला खाटेवर निजवलं. ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून लामेईने तोंडात टॉवेल कोंबला होता. शेवटी जावेने रक्ताने माखलेली कडी वाटीत टाकून तिला दाखवली.

"सुटलीस! आता डॉक्टर शूंची चिंता करू नकोस. त्यांना मी सांभाळलंय. ते 'कडी जागेवर आहे' असंच म्हणतील."

आणि डॉक्टर शू खरंच तसंच म्हणत, तेही अगदी निर्विकार चेहऱ्याने. एवढा सज्जन माणूस, आपल्यासाठी खोटं बोलतो, या विचाराने लामेईला भरून यायचं. म्हणून ती अंडी.

पण दिवस काही राहिले नाहीत. त्साईपिंगने कडू काढे उकळून दिले, ते ती नाक दाबून प्यायली. नवरा आधी गप्प झाला, मग जेवताना टोमणे मारू लागला. आपल्यातच खोट आहे, असं लामेईने मनाशी धरलं.

या वसंतातल्या तपासणीला ती मुद्दाम सगळ्यांच्या मागे थांबली.

"डॉक्टर, आता कोणी नाहीये. कडी काढून इतकी वर्षं झाली, तरी राहत का नाही हो?"

"कुणाची कडी?"

"माझी! तुम्ही एवढं सांभाळून घेता, म्हणून तर मी अंडी आणते."

शूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मला वाटायचं, तुझ्या कोंबड्या फार घालतात."

ते चिडले नाहीत. दार लावून त्यांनी दिवा मालवला, तिला यंत्रापुढे उभं केलं आणि तिलाही दिसावं म्हणून आपला दाढीचा आरसा पडद्यासमोर धरला. आरशात तिला हाडांच्या करड्या सावलीत एक काळी गोल कडी स्वच्छ दिसली.

"दर वेळी होतीच. मी कशाला खोटं बोलू? माझी नोकरी जाईल. आणि आता ती आत रुतलीये, पोरी. तारेबिरेने निघायची नाही. जिल्ह्याच्या इस्पितळात कापून काढावी लागेल, आणि त्याची परवानगी तुला मिळणार नाही."

ती तडक जावेच्या अंगणात गेली. त्साईपिंग लोणच्यासाठी मोहरीची पानं धूत होती. लामेईचा चेहरा पाहताच तिचे हात पाण्यातच थांबले.

"वाटीत कुणाची होती?"

त्साईपिंगने आढेवेढे घेतले नाहीत. "दुसऱ्या एका बाईची. रक्त कोंबडीचं होतं."

"का केलंत असं?"

"पलीकडच्या गावात एकीने दुसरं मूल लपवलं, तर सरकारी माणसांनी तिच्या दिराचं घर पाडलं. भिंतीसुद्धा ठेवल्या नाहीत. तुझ्या दिराचं घर म्हणजे माझं घर, लामेई."

"मग नाही म्हणायचं होतंत तोंडावर!"

"नाही म्हटलं असतं, तर तू दुसरीकडे जाऊन काढून आली असतीस."

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच लामेईला ते जास्त लागलं. आजवर ती या बाईला अहो-जाहो करत आली होती. आता तिच्या तोंडून तो शब्द निघेना.

"दर महिन्याला पाळी आली की मी आधी तुझ्याकडे यायचे. नवऱ्याच्याही आधी. तुझ्या मांडीत डोकं घालून रडायचे. तूही रडायचीस. ते सोंग होतं ना? सांग, सोंगच होतं ना?"

त्साईपिंगने ओले हात अंगातल्या कपड्यांना पुसले. तिचे डोळे आताही भरले होते.

"नाही गं," ती म्हणाली. "मला खरंच तुझी दया यायची."

लामेईला वाटलं, ती सोंग म्हणाली असती तर बरं झालं असतं.