नववा रकाना

भिंगरी अंगणातून धावत आली की थोरलीच्या हातातले काम थांबे. त्या सकाळीही तसेच झाले. ती आपल्या चिमीची वेणी घालत होती आणि बाहेर धाकट्या जावेची पोर एका पायावर उड्या मारत पायऱ्या चढत होती. एका पायावर! ज्यांना दोन्ही पाय सरळ मिळालेत त्यांनाच असली चैन सुचते, असे थोरलीच्या मनात आले आणि तिने वेणीचा पेड जरा जास्तच ओढला.

"आई गं, दुखतंय ना!" चिमी ओरडली.

चिमी आणि भिंगरी दोघी सहा वर्षांच्या. पंधरा दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या. चिमीचे उजवे पाऊल जन्मापासूनच आत वळलेले. ती तळव्यावर न चालता पावलाच्या कडेवर चाले. घरात तिला कुणी वेडेवाकडे बोलत नसे. फक्त पाहुण्यांची चाहूल लागली की सासूबाई म्हणत, "चिमे, जा बरं आतल्या खोलीत, चित्रं काढ." मग भिंगरीला पुढे बोलावून गाणे म्हणायला लावत. भिंतीपलीकडे चिमी तेच गाणे पुटपुटत बसे. सगळी कडवी तिला तोंडपाठ होती.

"आमच्या घरात असलं कधीच नव्हतं हो," सासूबाई एखाद्या जवळच्या बाईला हळूच सांगत. "थोरलीच्या माहेरचं काहीतरी असणार."

अशा वेळी धाकटी मान खाली घालून काम करत राही. सासूच्या बोलण्यापेक्षा ती खाली घातलेली मान थोरलीला जास्त झोंबे. हिच्या पदरात सगळे सरळ पडले, म्हणून हिला गप्प बसणे परवडते. जेवताना, कपडे वाळत घालताना, दोघी मुलींची नखे कापताना हाच एक काटा तिला सलत असे.

थोरली गावातल्या मोठ्या प्रसूतिगृहात जन्मनोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. तिच्यापुढच्या जाड वहीत नववा रकाना होता, 'जन्मजात दोष'. त्यात काही लिहिले तर त्याच पानाला जोडलेली चिठ्ठी फाडून आईच्या हातात द्यायची आणि त्या चिठ्ठीवरच बाळाला उपचार मिळत, असा नियम होता. पण गेल्या अकरा वर्षांत, दोष डोळ्यांना दिसत असूनही, तिने त्या रकान्यात बहुतेक वेळा 'नाही' हा एकच शब्द लिहिला होता. बाप खिडकीत वाकून विनवत, "बाई, तेवढं लिहू नका. मोठीचं लग्न जमायचंय." आज्या डोळ्यांत पाणी आणत. साहेबांचा तोंडी हुकूमही तोच होता, "रकाना स्वच्छ दिसला पाहिजे." सगळ्या देशांच्या यादीत सर्वांत कमी सदोष जन्म आपल्याकडे आहेत, हे साहेब प्रत्येक बैठकीत छाती फुगवून सांगत.

चिमी झाली तेव्हा थोरली खाटेवर होती आणि वही घेऊन सहकारी आली होती. "नाही लिहा," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मालिशीनं होईल सरळ." आणि थोरलीने मान डोलावली होती.

त्या महिन्यात वेगवेगळ्या देशांचे आकडे कितपत खरे आहेत हे तपासणाऱ्या एक बाई प्रसूतिगृहात आल्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, बोलायला सरळ. तीन दिवस त्या वह्या चाळत बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी साहेबांना थोरलीच्या टेबलापाशीच गाठले.

"तुमच्याकडे दहा हजार बाळांत दोन सदोष. डोंगरापलीकडच्या देशात दहा हजारांत तीनशे. पाणी तेच, हवा तीच, निम्मे सोयरेसुद्धा तेच. हे कसं?"

"आमच्या माता सुदृढ आहेत," साहेब हसून म्हणाले.

"मातांबद्दल मला शंका नाही. या खिडकीबद्दल आहे." त्यांनी थोरलीकडे वळून विचारले, "अकरा वर्षांत तुम्ही एकही वाकडं पाऊल पाहिलं नाहीत?"

थोरलीने समोरची वही मिटली. "नाही," ती म्हणाली.

बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "पलीकडे पहिल्या आठवड्यात बाळ आणतात. दर आठवड्याला नवं प्लास्टर, दोनेक महिन्यांत पाऊल सरळ. मग काही वर्षं झोपताना खास बूट घालायचे, एवढंच. तुमच्या इथेही मागच्या इमारतीत प्लास्टरची खोली आहे. पेशंटच येत नाहीत म्हणून ती बंद करायचं ठरलंय. तुमचेच आकडे बघून ठरलंय ते."

त्या दिवशी घरी जाताना थोरलीला डोंगरापलीकडच्या साऱ्या अनोळखी आयांचा हेवा वाटला. दोन महिने! आणि आपण सहा वर्षं तेल चोळत बसलो.

पुढच्याच आठवड्यात त्याच प्रसूतिगृहात धाकटी दुसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगी. दुपटे बाजूला झाले आणि थोरलीने पाहिले, दोन्ही पावले आत वळलेली. तळवे एकमेकांकडे तोंड करून होते.

तिच्या छातीत काहीतरी सैल झाले. खोटे कशाला बोला, ती सुखावली. आता बोला म्हणावे माहेरच्या रक्ताबद्दल! ती बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि तिला हसू आवरत नव्हते.

दुपारी सासूबाई खिडकीशी आल्या. त्यांचा आवाज इतका मऊ झालेला थोरलीने कधी ऐकला नव्हता. "थोरले, घरचीच गोष्ट आहे. तू आहेस म्हणून बरं. 'नाही' लिही."

थोरलीने लेखणी उचलली. आजवर कुणालाही न सांगितलेला विचार तेव्हा तिच्या मनात आला. लिही 'नाही'. सासू खूश, साहेब खूश, कुणी बोट दाखवणार नाही. चिठ्ठी फाटणार नाही. तीही चोळू दे तेल सहा वर्षं. माझ्या पोरीला जे मिळालं नाही, ते हिच्या पोरीला का मिळावं? तिने 'ना' लिहिलासुद्धा.

त्या दिवशी घरी कुणी नव्हते म्हणून नवऱ्याने चिमीला सोबत आणले होते. ती वॉर्डातून पावलाच्या कडेवर चालत, धापा टाकत, खिडकीच्या आत शिरली. तिचा चेहरा फुलला होता.

"आई! बाळाचे पाय माझ्यासारखेत! दोन्ही! आता पाहुणे आले की ती पण माझ्याबरोबर आतल्या खोलीत बसेल ना? मी तिला सगळी गाणी शिकवीन. मी एकटी नसेन आता!"

थोरलीने लेखणी खाली ठेवली. सकाळपासून ज्या आनंदाने ती स्वतः हसत होती, तोच आनंद लेकीच्या तोंडून ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोरीला जगात दुसरे काही मागायचे सुचत नव्हते. आतल्या खोलीत सोबत हवी होती, बस्स.

तिने 'ना' खोडला. खोडल्यावर सही केली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'दोन्ही पावले आत वळलेली.'

"अगं, काय केलंस हे!" सासूबाईंनी गजांवर हात आपटला. "हेव्यानं लिहिलंस तू! जळतेस तिच्यावर!"

"जळते, आई. सहा वर्षं जळतेय," थोरली म्हणाली. तिने लिहिलेल्या ओळीवर टीपकागद दाबला. "हेव्यानं लिहिलं असतं ना, तर 'नाही' लिहिलं असतं."

चिठ्ठी फाडून ती वॉर्डात गेली आणि तिने ती धाकटीच्या मुठीत दिली. "मागच्या इमारतीत प्लास्टरची खोली आहे. बंद व्हायच्या आत जायचं. उद्याच."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावले. टेबलावर दोन नोंदी होत्या. एक बाळाची. दुसरी सहा वर्षांनी दुरुस्त केलेली, चिमीची.

"स्वतःच्या मुलीची बदनामी करताय?" साहेब कडाडले. "अशानं आपण यादीत कुठे जाऊन पडू, कळतं का? शेजारच्या देशाएवढा आकडा झाला तर लोक काय म्हणतील?"

"त्यांच्या आकड्याचाच हेवा वाटतो मला, साहेब," ती म्हणाली. "त्यातलं एकेक पोर कुणीतरी बघितलेलं आहे. आपण आपली पोरं बघितलीच नाहीत. माझी बदली करा, हवं तर. पण खिडकीवर असेन तोवर दिसेल ते लिहीन. आणि आठवतात त्या पोरांचे पत्ते मागच्या वह्यांतून काढून घरोघर जाईन."

ती गेलीही. रविवारी, सुटीच्या दिवशी, चिमीला कडेवर घेऊन. तीन घरांनी दार लावून घेतले. चौथ्या घरी एका बाईने चिमीचे पाऊल पाहिले आणि आतल्या खोलीतून आपला मुलगा आणला. चष्मेवाल्या बाईंनी आपल्या अहवालात या देशाच्या आकड्यापुढे 'विश्वासार्ह नाही' असा शेरा मारला आणि साहेब महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. प्लास्टरची खोली मात्र बंद झाली नाही. सहा आठवड्यांत तिच्या बाकावर बसायला जागा उरेना.

त्याच बाकावर एका सकाळी दोघी जावा शेजारी बसल्या होत्या. बाळाची पावले जवळजवळ सरळ झाली होती. चिमीचे काम अवघड होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले होते. पाऊल टेकेल, पण पोटरी बारीकच राहील, असेही सांगितले होते. बाळाची प्लास्टर उतरवलेली ती इवलीशी गुलाबी टाच थोरली टक लावून पाहत होती.

"मला अजून हेवा वाटतो गं," ती एकदम म्हणाली. "तुला खोटं नाही सांगत."

धाकटीने बाळाला दुपट्यात गुंडाळले. मग नेहमीसारखी मान खाली न घालता तिने थोरलीकडे पाहिले.

"मलाही वाटतो, ताई. तुमच्या धीराचा," ती म्हणाली. "वही माझ्या हातात असती आणि पोर तुमचं असतं, तर मी 'नाही' लिहिलं असतं."