साकवाखालचे दहा दगड

मार्गशीर्षातले कोवळे ऊन सुरंगीच्या गर्द पानांतून झिरपत झिरपत खाली येते, आणि पाण्याला टेकेपर्यंत त्याचे सोने होते. हरितश्यामल सावल्यांतून वाहणारा, जांभळीच्या मुळांना वळसे घालणारा, शेवाळल्या शिळांशी कुजबुजणारा तो इवलासा ओहोळ. नकाशावर त्याला नाव नाही. गावात त्याला सुरंगीचा व्हाळ म्हणतात.

या व्हाळाची नाडी पाहायला निरुपमा धोंड सलग तिसऱ्या वर्षी आली होती. तिचे काम तसे साधे. पाण्यात उभे राहून दगड उचलायचा, त्याचे पोट पांढऱ्या थाळीत हलकेच धुवायचे, आणि थाळीत कोण कोण उतरले ते मोजायचे. तीन शेपट्यांच्या, काचेसारख्या पारदर्शक अळ्या उतरल्या तर व्हाळ जिवंत. गाळात त्यांचा श्वास कोंडतो. त्या नसतील तर पाणी कितीही खळखळो, ते मेलेले पाणी. एका जागचे दहा दगड पाहायचे, की झाले.

आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. हे तिला पुस्तकाने नाही, सत्यभामाकाकीने शिकवले. काकीचे घर व्हाळावरच्या साकवाच्या, त्या लहानशा पुलाच्या, खालच्या अंगाला, आणि तिचा उभा जन्म याच पाण्यात कुर्ल्या म्हणजे खेकडे धरण्यात गेलेला. पहिल्या वर्षी निरुपमाने एक दगड उताणाच टाकून दिला, तेव्हा काकीने तिचे मनगट धरले होते.

"धोंडो उचललंस तर तसोच परत ठेव गो बाय. ता कोणाचा तरी घर आसा."

गेल्या वर्षी मात्र साकवाखालची वाट निसरडी होती. तिच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी फोनवर मायेने सांगितले की खाली उतरू नका, पडाल. साकवाच्या वरचेच दगड घ्या, व्हाळ काय, एकच तर आहे. तिलाही ते सोयीचे वाटले. वर अळ्या भरभरून मिळाल्या, 'प्रकृती उत्तम' असे लिहून तिने सही ठोकली. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, चिरेखाणीचे लाल मातीचे पाणी साकवाच्या खाली येऊन मिळते, हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. तिने कानाडोळा केला, दुसरे काय. त्या एका सहीच्या जोरावर खाण दुप्पट पसरली.

आज सकाळी तोच फोन आला. त्याच मायेने, त्याच शब्दांत. वाट निसरडी आहे, साकवाच्या वरचेच घ्या. उद्या खाणीच्या मुदतवाढीसाठी मंडळी साकवावर पाहणीला येतील, त्यांना अहवाल तयार हवा. पाहणीची बातमी गावभर आधीच झाली होती.

वाट ठणठणीत कोरडी होती.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. राग साहेबांचा आलाच. पण त्याहून अधिक आला तो आपल्या सोयीस्कर पावलांचा, आपल्या सुबक सहीचा. ती साकवाखाली उतरली. काठावर सत्यभामाकाकी रिकामी टोपली घेऊन बसलेली होती. दिवाळीपासून एकही कुर्ली मिळाली नाही, एवढेच तिने सांगितले.

वरून पाणी नितळ होते. तेच तर फसवे होते. निरुपमाने पहिला दगड उचलला, आणि तळातून लाल धूर उठावा तशी माती उठली. लाल थर, लाल फटी, लाल लाल गुदमर. थाळीत गाळ उतरला. दुसरा दगड, गाळ. तिसरा, चौथा, पाचवा, गाळ. सहाव्याखाली एक कुर्ली होती. तिचे नुसते रिकामे कवच थाळीत वाजले. संतापातही प्रत्येक दगड निरुपमा सवयीने होता तसा ठेवत गेली.

दहावा दगड ती ठेवायला वाकली, आणि काकी लुगड्याचा काठ न सावरता पाण्यात उतरली. तिने पुन्हा मनगट धरले.

"ठेव नको. हयसर आता कोणच रवणा नाय."

इथे आता कोणीच राहत नव्हते. काकीने तो दगड तिच्या हातातून घेतला आणि मधोमध उंचवट्यावर उताणा मांडला.

"उद्या साकवार येतले मां? तेंका बघूंदेत."

मग त्या दोघींनी उरलेले नऊ दगड पुन्हा उपसून तसेच उताणे मांडले. जन्मभर जिने कुणाचे घर उघडे टाकले नाही, ती बाई एकेक घर उघडे टाकत होती, आणि दर वेळी तिचे ओठ घट्ट मिटत होते.

निरुपमाने ओल्या हातांनीच कागद पुढे ओढला. जागा: साकवाखाली. दगड: दहा. अळ्या: शून्य. त्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली. गेल्या वर्षीचे दगड साकवाच्या वरचे होते. तो अहवाल माझा आहे, आणि तो खोटा आहे. या ओळीने नोकरी जाईल हे तिला कळत होते. तिने सही केली, आणि अक्षरांवर तिच्या बोटांची लाल माती उमटली.

ऊन कलले. सुरंगीची सावली पैलतीरी गेली. वर पाणी गात होते, खाली पाणी गप्प होते. आणि त्या गप्प पाण्यात दहा दगड, दहा उघडी पडलेली घरे, लाल पोटे वर करून, साकवाकडे पाहत, उद्याची वाट बघत पडली होती.